उसनवारीचा खेळगडी

उसने देणे आणि उसने घेणे हा आपल्या खेड्यांचा जुना व्यवहार आहे. शेजारणीने वाटीभर साखर नेली तर ती चार दिवसांनी भरल्या वाटीनेच परत यावी, असा संकेत. पेरणीच्या घाईत बैल उसना मिळतो, इर्जिकीला साऱ्या गावाचे नांगर एकाच्या रानात उतरतात. परंतु या सर्वांत आम्हांस अर्धलीचा व्यवहार विशेष मार्मिक वाटत आला आहे. ज्याच्या दावणीला जनावरे पुष्कळ, पण चारा व माणूस अपुरा, तो आपले वासरू दुसऱ्याकडे पाळावयास देतो. जनावर एकाचे, निगराणी दुसऱ्याची, आणि वाढीत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. उसनी साखर जशी नेली तशी परत यावी लागते; अर्धलीचे वासरू मात्र जसे गेले तसे परत आले, तर व्यवहार फसला असे समजावे.

या जुन्या व्यवहाराची आठवण आम्हांस झाली ती शेतीमुळे नव्हे, फुटबॉलमुळे. बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत असलेल्या आमच्या निर्णा गावात कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच पारावर नांदतात; खेळांत मात्र कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल यांचेच राज्य. तरीही फुटबॉल आम्हांस अगदीच परका म्हणता येणार नाही. ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आमचा मुलूख होता, त्याच्या राजधानीने सय्यद अब्दुल रहीम हे थोर प्रशिक्षक देशाला दिले. हे गृहस्थ मुळात शाळामास्तर. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. शाळेच्या मैदानातून काय निपजू शकते याचा दाखला म्हणून आम्ही ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असतो.

आमच्या शाळेतून गेलेला असाच एक मुलगा, वयाची अठरा वर्षे नुकती पूर्ण केलेला, एका मोठ्या शहरातील क्लबच्या तरुणांच्या संघात आहे. गेल्या पावसाळ्यापूर्वी त्याचे वडील एक इंग्रजी पत्र घेऊन आमच्याकडे आले. तुरीच्या रानात आयुष्य गेलेला माणूस. कागद उलगडताना त्यांचा हात थरथरत होता. क्लबने कळविले होते, की आपल्या मुलास एका हंगामासाठी परराज्यातील एका लहान क्लबकडे उसना देण्याचा विचार आहे. खेळाडूची संमती हवी. पत्राचा अर्थ आम्ही सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, खरं सांगा. पोरगं त्यांच्या कामाचं राहिलं नाही, म्हणून दुसऱ्याच्या दारात ढकलायलेत का?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर साधे नव्हते. आम्ही त्यांना दोन दिवसांनी येण्यास सांगितले, आणि ते दोन दिवस या विषयाचा जमेल तितका मागोवा घेतला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण आज अनेक मराठी घरांतील मुले खेळाच्या वाटेने दूर जात आहेत, आणि असे पत्र उद्या आणखी कोणाच्या दारी येईल.

या प्रथेमागचा विचार असा. मोठ्या क्लबकडे एकेका जागेसाठी तीन-तीन, चार-चार खेळाडू असतात. सामना जिंकण्याचे ओझे असल्यामुळे प्रशिक्षक अनुभवी खेळाडूलाच उतरवितो. सतरा-अठरा वर्षांचे पोर बाकावर बसून राहते. सराव त्याला भरपूर मिळतो, पण सराव म्हणजे सामना नव्हे. विहिरीत न उतरता पोहणे शिकल्यासारखेच ते! म्हणून क्लब त्याला ठरावीक मुदतीसाठी अशा ठिकाणी धाडतो, जिथे त्याची खरोखरच गरज आहे. करार मूळ क्लबशी कायम राहतो. पगाराचा भार दोन्ही क्लब आपसांत ठरवितात. मुदत संपली की खेळाडू परत येतो. तोपर्यंत त्याच्या पायांनी प्रौढांचे धक्के सोसलेले असतात आणि कानांनी परक्या प्रेक्षकांची हुर्यो ऐकलेली असते.

याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशात घडले. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. आपला संघ तिन्ही सामने हरला. परंतु कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने केलेला गोल हा कोणत्याही विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल ठरला. स्पर्धा संपल्यावर ही मुले पांगून निरनिराळ्या क्लबांच्या बाकांवर बसू नयेत, म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा तरुणांचा संघ पुन्हा उभा केला आणि त्याला थेट आय-लीगमध्ये प्रौढांच्या क्लबांशी झुंजावयास लावले. मिनर्व्हा पंजाब या क्लबने जिक्सन सिंग आणि नोंगदंबा नाओरेम हे आपले मोहरे या संघाला उसने दिले. पहिल्याच सामन्यात या पोरांनी गोव्यात चेन्नई सिटीला तीन गोलांनी हरविले. त्यांतील दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे होते. पुढे डिसेंबरात शिलाँग लाजाँगविरुद्ध नाओरेमने एकामागून एक प्रतिस्पर्धी चकवून केलेला गोल देशभर गाजला. हंगामाच्या शेवटी हा संघ तळाशी राहिला, हे खरे. पण तक्त्यातील स्थान हे त्या संघाचे प्रयोजनच नव्हते. आणि गंमत अशी, की ज्या मिनर्व्हाने आपली मुले देऊ केली, तोच क्लब त्या हंगामात आय-लीगचा विजेता झाला. दिल्याने त्याचे काही उणे झाले नाही.

अनिकेत जाधवचा प्रवासही या संदर्भात बोलका आहे. कोल्हापुरात पेठेपेठेतील तालीम मंडळांचे फुटबॉलवेड सर्वश्रुतच. पण हा मुलगा लहान वयातच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१८ साली त्याला इंग्लंडातील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबकडे काही काळ सरावाची संधी मिळाली. या क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे आहे. २०१९ मध्ये तो जमशेदपूरच्या संघात दाखल झाला. काटेकोर अर्थाने ही उसनवारी नव्हे. परंतु दर वेळी नवे मैदान आणि नवे गुरू मिळाल्याने खेळाडू कसा घडतो, ते यातून दिसते.

परदेशातील एक उदाहरण तर पुराणातल्या कथेसारखे आहे. इंग्लंडच्या चेल्सी क्लबने तिबो कुर्तुआ हा तरुण गोलरक्षक २०११ पासून तीन हंगाम स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदला उसना दिला. २०१४ साली युरोपच्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत हे दोन क्लब उपान्त्य फेरीत समोरासमोर आले. आता कुर्तुआने कोणाकडून खेळावे? मूळ मालकाविरुद्ध उभे राहावे काय? त्या खेळाडूस कोणीही अडवू शकत नाही, असा निर्वाळा युरोपच्या फुटबॉल संघटनेने दिला. कुर्तुआ दोन्ही सामने खेळला आणि चेल्सी आपल्याच मैदानावर ३-१ अशी हरून स्पर्धेबाहेर गेली. द्रोणाचार्यांसमोर अर्जुन उभा राहावा तसे झाले! ज्या संघाकडून मैदानात उतरलो त्याच्याशी इमान, ही शिकवण त्या तीन वर्षांत जगासमोर पक्की झाली. आणि मोसम संपल्यावर चेल्सीच्या हाती परत आला तो तयार गोलरक्षक.

तथापि प्रत्येक उसनवारी अशी फळते असे नाही. इंग्लंडचा हॅरी केन हा पुढे आपल्या देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पण २०११ ते २०१३ या काळात टॉटनहॅम क्लबने त्याला चार ठिकाणी धाडले होते. तिसऱ्या श्रेणीतील लेटन ओरिएंटमध्ये आणि मिलवॉलमध्ये तो भरपूर खेळला; नॉरिचमध्ये दुखापतीने गाठले आणि लेस्टरमध्ये बराच काळ राखीव बाकावर गेला. आपल्याकडे गोव्याच्या डेंपो क्लबने २०१५ साली रोमिओ फर्नांडिस या उमद्या खेळाडूस थेट ब्राझीलच्या एका क्लबकडे उसने दिले. मान मोठा होता, सर्वांना अभिमान वाटला. पण प्रत्यक्ष सामन्यात उतरण्याची संधी फारच थोडी मिळाली. ठिकाण किती मोठे यापेक्षा तिथे आपली गरज किती, हेच महत्त्वाचे ठरते.

यापुढचा धोका आणखी गंभीर आहे. काही श्रीमंत क्लब मुलांना घडविण्याऐवजी त्यांचा साठाच करू लागले. एकट्या चेल्सीचे एके काळी चाळीसच्या आसपास खेळाडू एकाच हंगामात ठिकठिकाणी उसने गेलेले होते. भाव आला की विकायचा, नाही आला तर पुढच्या वर्षी पुन्हा धाडायचा! कोठारातल्या धान्याला आणि या मुलांना मग फरक तो काय राहिला? अखेर फिफा या जागतिक संघटनेने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीला लगाम घातला. मुदत एक वर्षाहून अधिक नसावी, उसन्या खेळाडूस तिसऱ्याकडे उसने देऊ नये, आणि एका क्लबने एका वेळी बाहेर दिलेल्या खेळाडूंची संख्या टप्प्याटप्प्याने आठवरून सहावर यावी, असे नियम झाले. एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबनेच लहानपणापासून घडविलेले खेळाडू या संख्येतून वगळले आहेत. म्हणजे शिकण्यासाठी जाणाऱ्या मुलाची वाट मोकळी ठेवली आहे.

बाकावरचे वर्ष म्हणजे काय, ते आम्ही अगदी जवळून पाहिले आहे. शालेय स्पर्धांत मुलगा ज्या शाळेच्या पटावर असेल तिच्याकडूनच खेळतो; तिथे उसनवारीस जागा नाही. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका शाळेने आमचा एक चपळ गोलरक्षक दाखला काढवून नेला. वर्षभर त्यास एकही सामना मिळाला नाही. प्रतिस्पर्ध्यांकडे तो जाऊ नये एवढ्यासाठीच त्यास नेले होते की काय, असे वाटावे. परत आला तेव्हा त्याचा खेळ होता तिथेच होता, आणि एस.एस.एल.सी.चा अभ्यास मात्र मागे पडला होता.

दोन दिवसांनी ते गृहस्थ आले तेव्हा आम्ही त्यांच्यापुढे आपल्याच घरांतली एक गोष्ट ठेवली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावात शाळा नसे. मुलगा हुशार निघाला की बाप त्याला हैदराबादला, सोलापूरला नाहीतर पुण्याला कोणा आप्ताच्या घरी ठेवी. कोणी वार लावून जेवला, कोणी माधुकरीवर शिकला. त्या मुलाला कोणी घराबाहेर ढकलले नव्हते. घरी जे देणे शक्य नव्हते, ते त्याला अन्यत्र मिळावे म्हणूनच तो गेला होता. परंतु त्या बापाने मुलाला पाठवून पाठ फिरविली नाही. महिन्याला पत्र जाई, दिवाळीला गाडी जाई, आणि परीक्षेचा निकाल सर्वांत आधी बाप विचारी. दिलेल्यावर दृष्टी ठेवणे, हेच ढकलणे आणि पाठविणे यांतील अंतर होय.

मग आम्ही दोघांनी मिळून क्लबला विचारावयाचे चार प्रश्न कागदावर उतरविले. नव्या संघात या मुलाच्या जागी आणखी किती खेळाडू आहेत? दुखापत झाल्यास उपचार कोण करील? मूळ क्लबचा माणूस त्याचे सामने पाहावयास जाईल काय? आणि मुलाला खेळावयास मिळालेच नाही, तर त्यास परत बोलाविण्याची तरतूद करारात आहे काय? पाचवा प्रश्न क्लबसाठी नव्हता. तो आम्ही वडिलांनाच विचारला, “मुलाचे स्वतःचे काय म्हणणे आहे?” ते चमकले. मुलाला त्यांनी विचारलेच नव्हते. अर्धलीच्या वासराची संमती कोणी घेत नाही. पण इथे तर त्याच्या सहीवाचून कागद पुढे सरकणार नव्हता. आमच्यासमोरच त्यांनी दूरध्वनी लावला. मुलगा म्हणाला, “आप्पा, हितं मी वर्षभर दुसऱ्याचा खेळ बघायलोय. तिथं निदान माझा खेळ कुणीतरी बघंल.”

क्लबची उत्तरे आठवड्याने आली. तीन समाधानकारक, एक मोघम. मोघम उत्तर शेवटच्या प्रश्नाचे होते. ते स्पष्ट करून घेतल्यावरच मुलाने सही केली आणि तो गेला. त्याचा नवा क्लब लहान आहे, मैदानावर पाऊस पडला की गुडघाभर चिखल होतो, आणि जेवणात भाकरी नाही अशी त्याची तक्रार आहे. तो मोठा खेळाडू होईल की नाही, हे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वडील मात्र दर रविवारी संध्याकाळी त्याला दूरध्वनी करतात. आरंभी ते विचारीत, “जिंकलात का?” अलीकडे विचारतात, “किती वेळ खेळलास?” संघ हरला असला, तरी पोर पूर्ण नव्वद मिनिटे मैदानात होते हे ऐकले, की त्यांची रात्र सुखाची जाते.