कापडाचे पंख

सोलापूरचे नाव काढताच चादरीची आठवण होते. मागावर ताणून बसविलेल्या उभ्या धाग्यांतून धोटा इकडून तिकडे धावतो आणि पाहता पाहता वस्त्र तयार होते. एकेकटा धागा बोटांनीही तुटतो. परंतु योग्य ताण देऊन विणलेली चादर वर्षानुवर्षे टिकते. असेच ताणलेले कापड पंखांवर चढवून माणूस आकाशात कोलांट्या घेत असे, हे ऐकून एखाद्या जाणत्या विणकरासही नवल वाटेल. तथापि ही कल्पित कथा नव्हे.

इ. स. १९३३ मध्ये कार्ल ब्युकर यांनी बर्लिनजवळ विमानांचा कारखाना काढला. त्यांचे अभिकल्पक अँडर्स अँडरसन हे स्वीडनचे. त्या दोघांच्या परिश्रमातून १९३४ साली 'युंगमान' म्हणजे 'तरुण' हे दोन आसनांचे विमान उडाले. पुढच्याच वर्षी त्याचे एका आसनाचे भावंड 'युंगमाइस्टर' म्हणजे 'तरुण उस्ताद' हे तयार झाले. दोन्ही विमाने द्विपंखी होती. एका पंखावर दुसरा पंख, आणि दोहोंना जोडणारे खांब व तारा. पंखांचा सांगाडा लाकडाचा, धडाचा पोलादी नळ्यांचा. आणि त्यांवर कापड. त्या कापडास विशिष्ट रोगण दिले की ते आवळून ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होई. युंगमाइस्टरच्या पंखांचा विस्तार जेमतेम साडेसहा मीटर होता; एखाद्या वर्गाच्या खोलीतही ते मावले असते!

अशा चिमुकल्या विमानातून वैमानिक आकाशात वर्तुळे काढीत, गिरक्या घेत, पाठीवर उडत. पाण्याने भरलेला तांब्या दोरीला बांधून वेगाने गरगर फिरविला, तर वर उलटा होऊनही त्यातील पाणी सांडत नाही. वेग मंदावला की मात्र अंगावर पडते. हवाई कसरतीचेही तसेच आहे. वेग, उंची आणि वळण यांचे माप चुकले की क्षमा नाही.

गेरहार्ट फीझेलर यांना हे पुरते उमगले होते. ते मूळचे छपाईचा व्यवसाय करणारे. पहिल्या महायुद्धात ते लढाऊ वैमानिक झाले आणि पुढे हवाई कसरतींत त्यांनी नाव मिळविले. विमान उलटे झाले की त्या काळी इंजिनाचा इंधनपुरवठा तुटे. तो चालू राहावा, अशी योजना त्यांनी केली. इ. स. १९३४ मध्ये पॅरिसजवळ व्हॅंसेन येथे जागतिक स्पर्धा झाली. तीत एका पोर्तुगीज वैमानिकाचे विमान कोसळून त्याला प्राण गमवावे लागले. त्याच स्पर्धेत फीझेलर आपल्या 'टायगर' नावाच्या द्विपंखी विमानाने विजयी झाले. जयघोष कानांत घुमत असतानाच त्यांनी कसरतींना रामराम ठोकला! कोठे थांबावे हे कळणे, हीही शौर्याचीच एक खूण होय.

ओटो फॉन हागेनबुर्ग यांचा पिंड निराळा. इ. स. १९३७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे ते जमिनीलगत पाठीवर उडत असताना विमान भूमीस घासले आणि त्याचा चुराडा झाला. सुदैवाने ते बचावले. एवढे होऊनही डोक्याला पट्टी बांधून, रुमानियाचे वैमानिक अलेक्स पापाना यांचे युंगमाइस्टर मागून घेऊन, ते पुन्हा उडाले. त्यांचे धैर्य पाहून मन थक्क होते. पण पहिल्या उड्डाणात काही हात उंची अधिक राखली असती, तर त्या पट्टीची गरजच पडली नसती, हेही विसरता येत नाही.

दुर्दैवाने त्या कौशल्यावर लवकरच काळी छाया पडली. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. युंगमानवर उड्डाणाचे धडे गिरविलेल्या तरुणांच्या हाती लढाऊ विमाने आली. फीझेलर यांचा कारखानाही युद्धाची सामग्री घडवू लागला. हात तेच, कौशल्य तेच. परंतु ते ज्या हेतूस जुंपले, त्याने नगरे उद्ध्वस्त झाली.

युद्ध संपले, ती कला मात्र उरली. स्पेनचे वैमानिक होसे लुईस आरेस्ती यांनी हवाई कसरतींसाठी एक चिन्हलिपी तयार केली. तेही युंगमाइस्टर उडवीत. कोणती गिरकी कशी व कितव्या क्रमाने घ्यावयाची, हे आज जगभरचे वैमानिक त्यांच्या पद्धतीने रेघांनी लिहितात आणि उड्डाणापूर्वी ते वाचून मनात घोकतात. पापाना यांचे ते विमानही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे.

मागावरील धागा फार ताणला तर तुटतो, सैल सोडला तर वीण बिघडते. नेमका ताण ओळखतो तोच खरा विणकर. त्या वैमानिकांच्या पंखांचे कापड असेच होते, आणि त्यांचे धाडसही. ज्याने त्याचे माप ओळखले, त्याला आकाशाने अंगणासारखे खेळू दिले. मात्र ते कौशल्य कोणासाठी वापरावे, हे आकाश सांगत नाही. ते माणसाने स्वतःच ठरवावयाचे असते.