एका लाकडी वांग्यासाठी सावंतवाडी

वीकएण्डला कोकणात चाललेय म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, ‘कुठला बीच?’ बीच नाही, सावंतवाडी. ‘तिथे काय आहे?’ वांगं आणायचंय, असं खरं सांगितलं असतं तर प्रकरण एचआरपर्यंत गेलं असतं. म्हणून नुसतीच हसले.

बाबा ड्रॉइंगचे मास्तर होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांना स्थिरचित्र शिकवायचं तर समोर फळं हवीत, आणि खरी केळी ठेवली की मधल्या सुट्टीनंतर नुसती सालं उरतात. म्हणून त्यांनी कधीकाळी सावंतवाडीहून लाकडी सेट आणला होता. केळी, सीताफळ, आंबा, डाळिंब, वांगं. माझं पहिलं चित्र त्याच सेटचं. बाबांनी ते हातात घेतलं, उलटं धरलं, मान तिरकी केली आणि म्हणाले, ‘ठीक आहे.’ बस्स. पुढे जेजे झालं, लोअर परळची एजन्सी झाली, दोन अवॉर्ड्स झाली. सगळ्यावर शेरा तोच. ‘छान’ हा शब्द त्यांनी माझ्यावर कधी खर्च केला नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. ऑफिसचं काम उलट सुसाट सुटलं. पण रात्री घरी बसून स्वतःसाठी काढायचे, ते एकदम बंद. मित्रमंडळी म्हणायची, वेळ दे स्वतःला. खरं कारण जरा लाजिरवाणं होतं. एक दिवस जहांगीरला सोलो शो लावायचा, बाबांना तिथे उभं करायचं आणि त्यांच्या तोंडून ‘छान’ काढून घ्यायचं, एवढाच माझा प्लॅन होता. जहांगीरचं वेटिंग काही वर्षांचं असतं, हे माहीत होतं. बाबांचंही वय वाढतंय, हे का कोण जाणे हिशेबात धरलंच नव्हतं.

कपाट आवरताना सेट सापडला. वांगं गायब.

दादरहून मध्यरात्री तुतारी एक्स्प्रेस पकडायची. सकाळ उजाडते तेव्हा बाहेर बोगदे आणि हिरवळ. स्टेशन गावाबाहेर मळगावला आहे, तिथून रिक्षा. गावात शिरलात की मोतीतलाव, आणि काठावर लाल चिऱ्याचा राजवाडा.

खेळण्यांची दुकानं चितारआळीत. भातुकली, पाट, रंगीत फळांच्या परड्या. पूर्वी हे काम पांगाऱ्याच्या हलक्या लाकडात व्हायचं. म्हणूनच बाबांचं सीताफळ हातात घेतलं की पोकळ असल्यासारखं वाटायचं. दुकानदारीणबाईंना म्हटलं, फक्त वांगं हवंय. ‘सुट्टां नाय गावाचां, बाये. सेट घे.’ बाबांचं सांगितलं. त्यांनी एक परडी सोडली, वांगं काढून दिलं आणि पैसे मात्र बरोब्बर मोजून घेतले. मला ते फार बरं वाटलं. गेली दोन वर्षं सगळे माझ्याशी फारच हळू आवाजात बोलतायत.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवतात. गोल पत्ते. दशावताराचा जोड १२० पानांचा, प्रत्येक अवताराची १२. ही कला जवळजवळ संपली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यातच पुन्हा उभी केली. मी गेले तेव्हा एक बाई मत्स्यावताराचं पान रंगवत होत्या. ब्रश एवढा बारीक, की श्वास रोखला गेला. माझा.

‘हे आता खेळतं कोण?’

‘खेळणारे थोडेच. लोक फ्रेम करून भिंतीला लावतात.’

‘मग रंगवताना कोणाला डोळ्यासमोर ठेवता?’

प्रश्न मी भलताच गंभीर चेहऱ्याने विचारला होता. त्यांनी मान वर न करता डावीकडे बोट दाखवलं. ‘हे काय, जुनं पान ठेवलंय की समोर.’

बाहेर येऊन तलावाच्या कठड्यावर फळं मांडली आणि स्केचबुक उघडलं. तेव्हा घोळ कळला. नवं वांगं चकचकीत, आणि जुन्या सेटपेक्षा चांगलंच मोठं. शेजारी सीताफळ लिंबाएवढं दिसायला लागलं. बाबांनी हे दुकानातच पकडलं असतं, बदलून आणायला लावलं असतं. चितारआळी पाच मिनिटांवर होती. मी उठले नाही. दोन शाळकरी पोरं मागे येऊन उभी राहिली, एक दुसऱ्याला म्हणाला, ‘वांगां बघ केवढां!’

चित्र संपल्यावर सवयीने उलटं धरलं. डावीकडे सगळं रिकामं, वांग्याच्या भाराने उजवी बाजू खाली आलेली. खोडरबर बॅगेत होतं. वांगं तेवढंच ठेवलं, खाली तारीख टाकली आणि रिक्षा शोधायला निघाले.