पाठीवरचे नाव

गेल्या जून महिन्यात एका शनिवारी आमची नात ज्युदोच्या वर्गाहून घरी आली ती एक पांढराशुभ्र, जाड सुती पोशाख छातीशी कवटाळूनच. पोशाखाबरोबर वहीच्या पानाएवढे एक चौकोनी कापड होते. ते पाठीवर घरीच शिवून आणावे, असा सरांचा निरोप होता. कापडावर निळ्या रंगात तीन मनोरे होते आणि त्यांखाली एका गृहबांधणी कंपनीचे नाव.

आमच्या मंडळींनी चष्मा चढवून ते नाव वाचले आणि बाहेर काढलेला सुई-दोरा पुन्हा डब्यात ठेवून दिला.

याच कंपनीकडे आमच्या चिरंजीवांनी २०१९ साली येथेच, अंबरनाथ पूर्वेला, एका सदनिकेसाठी पैसे भरले आहेत. ताबा २०२२ मध्ये मिळावयाचा होता. इमारत सातव्या मजल्यावर येऊन थबकली आहे. कर्जाचा हप्ता मात्र एक महिनाही थबकलेला नाही. आमच्या धर्मग्रामातील आणखी चार-पाच कुटुंबे याच रांगेत उभी आहेत, आणि त्यांपैकी दोन घरांतील मुले याच ज्युदोच्या वर्गात जातात. आता वाचकांपासून एक गोष्ट लपवून चालणार नाही. ही देणगी स्वीकारावी असा ठराव धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत आला, तेव्हा त्याच्या बाजूने जे हात वर झाले त्यांत आमचाही हात होता.

का झाला, ते सांगतो. वर्गात चाळीस मुले. पोशाख अठरा जणांकडे. ज्युदोमध्ये पकड घालावयाची ती प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरील कपड्यालाच. त्यामुळे साधा सदरा पहिल्याच झटक्याला फाटतो. बावीस मुले वर्ग संपेपर्यंत भिंतीला टेकून बसत आणि कोणाचा पोशाख मोकळा होतो याची वाट पाहत. त्यांतील बहुतेकांचे आईवडील औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जाणारे. अशा वेळी एक गृहस्थ येतात, हात जोडून बसतात आणि चाळिसांच्या चाळीस पोशाखांचा खर्च आम्ही उचलतो, फक्त पाठीवर आमचे चिन्ह राहू द्या, असे म्हणतात. कोणाच्या तोंडून नाही निघावे?

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही आणि आठवला तो गावचा हगामा.

आमचे बालपण तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. गावाबाहेर मिशनवाडी होती. तेथे आमचे घर. चैत्रात गावची जत्रा भरे आणि दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात कुस्त्यांचा हगामा होई. हलगी कडाडू लागली की वाडीतील पोरे जेवणाचे ताट टाकून पळत. प्रथम लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग रुपयाच्या, आणि दिवस मावळता मावळता मानाची कुस्ती. फेटेवाले पंच जोड लावीत आणि घसा ताणून पुकारीत की ही कुस्ती अमक्या शेठजींकडून सव्वा रुपयाची. एके वर्षी त्या हौद्यात आमचे नाव पुकारले गेले. मिशनवाडीचा पोरगा म्हणून पुकारले गेले. आमचे वडील गर्दीत मागे उभे होते. ते दोन पावले पुढे आले, हे आम्ही मातीतून पाहिले. कुस्ती आम्ही मारली की समोरच्याचा पाय निसटला, हा वाद आजही मिटावयाचा आहे. परंतु रुपया मिळाला. अंगावर लंगोट आणि लाल माती, याखेरीज काही नव्हते. रुपया देणाऱ्याचे नाव लिहावयाचे म्हटले असते तरी जागा नव्हती.

जुने ते सारे सोवळे होते, असे म्हणण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. शेठजी रुपया फुकट देत नव्हते. चार गावांच्या लोकांसमोर आपले नाव गाजावे, ही त्यांचीही हौस असेच. मात्र नाव पुकारले जात असताना ते स्वतः हौद्याच्या कडेला मांडी घालून बसलेले असत. एका वर्षी साखरेच्या मापात त्यांनी हात मारल्याची गावभर चर्चा होती. त्या जत्रेत त्यांचे नाव उच्चारताच मागच्या पोरांनी अशी काही हुर्यो उडविली की शेठजींना मान खाली घालावी लागली. नुरा कुस्ती झाली तर लोक गलका करीत आणि इनाम देणारा आपला रुपया पुन्हा कनवटीला लावी. पुकारलेल्या नावाला लोक उत्तर देऊ शकतात. मुलाच्या पाठीवर शिवलेल्या नावाची हुर्यो कशी उडवावी? ती त्या मुलाचीच उडेल.

कुस्तीला आश्रयदाता लागतोच, कारण पैलवानाचा खुराक हा काही गरिबाच्या चुलीवर शिजणारा पदार्थ नव्हे. दूध, तूप, बदाम, मांस, वस्ताद, तालमीची माती. त्या मातीलाही ताक, तेल, हळद, लिंबू पाजावे लागते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी हा भार दरबाराच्या शिरावर घेतला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे केले. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेही कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे ठरले, तेव्हा मात्र पैशांसाठी दारोदार फिरण्याची पाळी आली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला त्यांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांची होती. पुढे त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे ऋण फेडले. हेलसिंकीत त्यांच्या अंगावर खर्डेकरांचे नाव नव्हते.

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या रात्री मात्र तिच्यातील घर हा शब्द आम्हांस जरा जास्तच बोचला.

मातीवरची कुस्ती गादीवर आली आणि तिच्याबरोबर अंगभर ताणून बसणारा पोशाख आला. कापड आले की त्यावर लिहिणारेही येतात. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून चालत आली आहे. तिचे मोठे पारितोषिक म्हणजे मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा. गदेवर स्मरण असते, मल्लावर नसते. परंतु अलीकडे गदेशेजारी मोटारगाडीही उभी असते. २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे यांना आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्याच जिल्ह्याच्या गावी, अहिल्यानगरला, पृथ्वीराज मोहोळ यांना गदेसोबत थार गाडी मिळाली. आम्हांला त्याचे वाईट वाटले नाही. गुडघा गेल्यावर पैलवानाला विचारतो कोण? २०१८ साली टाटा मोटर्स ही भारतीय कुस्ती महासंघाची प्रमुख प्रायोजक झाली, तेव्हाही आम्हांला बरेच वाटले होते. आपल्या मातीतल्या कबड्डीचे पाहा. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, त्या वर्षीच्या लिलावातील सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०१८ साली ती १ कोटी ५१ लाखांवर गेली. सदऱ्यावर दहा नावे आहेत म्हणून त्या खेळाडूंच्या घरी पेटलेली चूल विझवा, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही.

पण नावाचे वजन कधी कधी खेळाडूच्या वजनाहून अधिक भरते. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, महासंघाने विनेश फोगाट यांना बेशिस्तीच्या आरोपांवरून तात्पुरते निलंबित केले. त्या आरोपांपैकी एक हा होता की त्यांनी अधिकृत प्रायोजकाऐवजी दुसऱ्याच कंपनीचे चिन्ह असलेला पोशाख घालून कुस्ती केली. छातीवर नाव कोणाचे, हादेखील शिस्तीचा प्रश्न झाला.

ज्या देशातून ज्युदो आपल्याकडे आला त्या जपानात या बाबतीत तीन परी दिसतात. त्यांची सुमो कुस्ती आपल्या हगाम्याची सख्खी चुलत बहीण शोभावी. महत्त्वाच्या लढतीआधी प्रायोजकांचे उभे फलक रिंगणाभोवती फिरवून आणतात आणि मग ते बाहेर जातात. मल्लाच्या उघड्या अंगाला काही चिकटत नाही. जिंकणाऱ्याला पंच आपल्या पंख्यावर पाकिटे ठेवून देतात. केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीचा खेळ. त्यात खेळाडूच्या कमरेशी एक कापड असते, त्यावर त्याचे आडनाव आणि तो ज्या शाळेचा, तालमीचा किंवा कंपनीचा असेल तिचे नाव. म्हणजे तो जेथे राबतो वा शिकतो तेथले. ज्युदो जगभर पसरला, ऑलिंपिकमध्ये गेला, आणि मोठ्या स्पर्धांतून पाठीवरील कापडाच्या वरच्या भागात खेळाडूचे नाव व देश, खाली प्रायोजकाची जाहिरात, असा रिवाज पडला. आमच्या नातीच्या कापडावर वरचा भागच नव्हता.

बैठकीत हा मुद्दा कोणी काढला नाही असे नाही. एका शिक्षिकाबाईंनी विचारले की निदान मुलांची नावे तरी वर घालता येतील का. खजिनदार म्हणाले, “बाई, चाळीस नावे वेगवेगळी भरून घ्यायची म्हणजे खर्च किती वाढेल!” दुसरे एक सदस्य वर पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हा पंखासुद्धा कोणाच्या तरी स्मरणार्थच फिरतोय ना?” सगळे हसले. आम्हीही हसलो, कारण खरेच होते ते. आमच्या चर्चमध्ये बाकांवर नावे आहेत, पाण्याच्या टाकीवर आहेत, घंटेखालच्या संगमरवरावर आहेत. आणि आमचेच कशाला? येथून हाकेच्या अंतरावर वालधुनीकाठी उभ्या असलेल्या प्राचीन शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ ची, म्हणजे इ. स. १०६० ची नोंद आहे, आणि त्यात शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. दात्याने नाव कोरावे, ही अंबरनाथची जवळजवळ हजार वर्षांची रीत झाली. पंखा, बाक आणि दगड यांना ते ओझे होत नाही, एवढेच तेव्हा आम्हांस सुचले नाही. घरी येऊन जिना चढताना सुचले. चांगली उत्तरे आम्हांस नेहमी जिन्यातच सुचतात.

पवित्र शास्त्रात याकोबाच्या कुस्तीची कथा आहे. रात्रभर झुंज झाली, पहाट फुटू लागली, आणि याकोबाने प्रतिस्पर्ध्याला नाव विचारले. ते त्याला मिळाले नाही. मिळाले ते आशीर्वादासह एक नवे नाव, त्याचे स्वतःचे. ही कथा आम्ही बैठकीत सांगावयास हवी होती, असे नंतर एका फादरांना म्हणालो. ते हसून म्हणाले, “सांगितली असती, तरी बावीस पोशाख कुठून आणले असते?”

खरा प्रश्न तोच होता. बावीस पोशाख, प्रत्येकी दीड हजार; तेहतीस हजार रुपये. बैठकीला आम्ही पंधरा जण होतो. त्यांतील निम्म्यांच्या घरी त्या वर्षी लग्ने, वाढदिवस, नवे दूरचित्रवाणी संच, सारे यथासांग झाले होते. घर गहाण टाकावे लागले नसते. आपल्यातच थाळी फिरवून पाहू या, असे एकानेही म्हटले नाही. आम्हीही नाही. हात वर करणे सोपे होते, खिशात घालणे कठीण.

शेवटी आमच्या मंडळींनी ते कापड शिवले. नात रडू लागली होती. बाकीच्या सगळ्यांच्या पाठीवर आहे, माझ्याच नाही, हे दुःख दहाव्या वर्षी लहान नसते. पण शिवले ते कच्च्या टाक्याने. “माझा हात पक्का टाका घालायला धजत नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. आमचे चिरंजीव संध्याकाळी कामावरून आले, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पोशाख त्यांनी पाहिला, हात-पाय धुतले आणि जेवावयास बसले. वरणात मीठ कमी होते, तेही त्यांनी सांगितले नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर कंपनीचा छायाचित्रकार आला. मुलांनी केस विंचरले होते, काहींनी पावडर लावली होती. त्याने त्यांना सभागृहाच्या पायऱ्यांवर तीन ओळींत उभे केले आणि मग सांगितले, “आता सगळ्यांनी मागे वळा.” मुलांना वाटले, काही गंमत असेल. ती वळली. त्याने पाच-सहा वेळा कळ दाबली, आभार मानले आणि तो निघून गेला. समोरून एकही छायाचित्र काढले नाही. एका लहानग्याने सरांना विचारलेही, “सर, आमचा फोटो कधी काढणार?”

ते छायाचित्र ऑगस्टपासून स्थानकाबाहेर पूर्वेच्या बाजूला एका भल्यामोठ्या फलकावर लागले आहे. चाळीस पाठी, चाळीस वेळा तीन निळे मनोरे, आणि वर मुलांच्या उज्ज्वल भविष्याविषयी काहीतरी. आपले मूल कोणते, हे ओळखण्यासाठी आयाबाया त्याखाली उभ्या राहून वेण्या, कान, मानेवरचा तीळ असले काही काही शोधत असतात. आमची नात आम्हांला चटकन सापडली. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी; तिच्या पाठीवरच्या कापडाचा एक कोपरा उसवून खाली लोंबतो आहे.

ती ते कापड आता लावीत नाही. तिसऱ्याच आठवड्यात सरावात कोणाच्या तरी पकडीत ते निघून आले आणि सरांनी पुन्हा शिवून आण म्हणून सांगितले नाही. इतरांचीही एकेक करून निघत आहेत. आमचे चिरंजीव रोज सकाळची लोकल गाठण्यासाठी त्याच फलकाखालून जातात. त्यांनी अजून मान वर करून पाहिलेले नाही. निदान आम्ही बरोबर असताना तरी नाही.