घाईतला वाचक आणि काशीचा गडू

फेसबुकवरची लिंक दाबून जो वाचक आपल्या लेखावर येतो, तो चपला न काढता दारातच उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा असतो. "नको, बसत नाही, घाईत आहे," असं म्हणतच तो आलेला असतो. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. बसथांब्यावर, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये आपणही असंच वाचतो. प्रश्न एवढाच, की त्याला आत आणून बसवायचं कसं?

मी प्रवासावर ब्लॉग लिहिते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीचाच. पण त्याचं उत्तर नीट शोधावं लागलं ते आईला काशीला घेऊन गेले तेव्हा. संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरून आम्ही नाव केली. मणिकर्णिका घाट जवळ आला तसं नावाड्याने फोन खाली ठेवायला सांगितलं. घाटावर एकाच वेळी कितीतरी चिता जळत होत्या. शेजारच्या नावेतून तरीही दोन-तीन फोन वर आलेच. आई हात जोडून बसली होती. मी फोन पिशवीत टाकला.

घरी परतल्यावर वसतिगृहातून भाच्याचा फोन आला. "मावशी, मणिकर्णिकेचा एकही फोटो नाही? मग तुझ्या लेखावर थांबणार कोण?"

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्वाळांचा फोटो दिसला की अंगठा थांबतो, हे खरंच आहे. पण त्या चितेपाशी मुंडण केलेला, पांढऱ्या वस्त्रातला कुणाचा तरी मुलगा उभा असतो. त्याच्या दुःखाचा दिवस मी माझ्या लेखाचं आमिष म्हणून कसा वापरू? शिवाय फोटोसाठी थांबलेला माणूस फोटो बघून पुढे जातो. लेख वाचायचं कारण त्याला मिळालेलंच नसतं.

ते कारण मी घाटाच्या नावात शोधलं. मणिकर्णिका म्हणजे कानातला रत्नजडित दागिना. स्मशानाला दागिन्याचं नाव का? लेखाच्या पहिल्याच ओळीत हा प्रश्न ठेवला आणि लगेच खाली उत्तर दिलं. विष्णूने आपल्या चक्राने खोदलेल्या कुंडात शंकराचं कर्णभूषण पडलं, अशी कथा सांगतात. ते चक्रपुष्करिणी कुंड आजही घाटावर आहे. हे उत्तर शेवटपर्यंत दाबून ठेवलं असतं, तर घाईतला वाचक वैतागून निघून गेला असता. विचारलेल्याचं उत्तर चटकन मिळालं की त्याचा विश्वास बसतो आणि तो पुढचा प्रश्न ऐकायला थांबतो. माझा पुढचा प्रश्न होता, काशीत जन्मलेली मणिकर्णिका नावाची मराठी मुलगी कोण? मोरोपंत तांबे यांची ही लेक म्हणजेच झाशीची राणी लक्ष्मीबाई. मराठी वाचक बहुधा इथेच चपला काढतो.

फोटो नव्हता, म्हणून जे पाहिलं ते शब्दांत दाखवायला हवं होतं. घाटाच्या वरच्या अंगाला लाकडाचे ढीग रचलेले असतात. चितेचं लाकूड मोठ्या तराजूवर वजन करून विकतात. चितेसाठी विस्तव घेतात तो डोम समाजाने पिढ्यानपिढ्या जपलेल्या अग्नीतून. आणि सगळं आटोपल्यावर अग्नी देणारा पाठमोरा उभा राहून खांद्यावरून पाण्याचं मडकं मागे टाकतो, मग मागे न बघता निघून जातो. एवढंच लिहिलं, छोट्या वाक्यांत आणि छोट्या परिच्छेदांत. मोबाइलच्या पडद्यावर लांब परिच्छेद म्हणजे समोर उभी राहिलेली भिंतच.

पण वाचकाला शेवटपर्यंत न्यायला एवढं पुरत नाही. त्यासाठी मला मदत झाली ती शेजारच्या शिंदे घाटाची. हा घाट बायजाबाई शिंदे यांनी बांधलेला. याच बायजाबाई मथुरेत मोठा यज्ञ करणार आहेत असं ऐकून, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत ते बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीची लढाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली, लुटलेही गेले. अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी पोचले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. ते आजही हातातून सुटत नाही. मला त्याचं कारण साधं वाटतं. हा माणूस घरची ओढगस्त संपावी, दक्षिणा मिळावी म्हणून निघालाय, हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. मग पैसे हाती लागले का, तो सुखरूप घरी पोचला का, हे समजेपर्यंत आपण त्याची साथ सोडत नाही.

माझ्या लेखातही असं कुणीतरी हवं होतं, आणि ती आईच होती. तिची थोरली बहीण आता अंथरुणातून उठू शकत नाही. काशीला दोघींनी जायचं, हे फार वर्षांपासून ठरलेलं. आता थोरलीला निदान गंगा तरी न्यायची, म्हणून आई घाटाघाटावर गंगाजलाचा बंद गडू शोधत होती. हे मी लेखात अगदी वरच सांगितलं. गडू मिळतो, रेल्वेच्या प्रवासात आईच्या मांडीवरून खाली उतरत नाही आणि थोरलीच्या उशाशी पोचतो, तिथे लेख संपवला.

दोन दिवसांनी भाच्याचा पुन्हा फोन. फोटोचा विषय त्याने काढलाच नाही. "मावशी, गडू हातात घेतल्यावर थोरली आजी काय म्हणाली गं?"

ते पुढच्या लेखात येणार आहे. त्याला मात्र मी तेव्हाच सांगून टाकलं.