घाटघर : आल्या वाटेने माघारी

जुन्नरच्या बाजारपेठेतून पश्चिमेकडे निघालेला रस्ता माणिकडोहच्या जलाशयाची सोबत घेत, चावंड किल्ल्याच्या परिसरातून पुढे सरकतो आणि सुमारे तीस किलोमीटरवर घाटघरला पोहोचतो. त्यापुढे थोड्याच अंतरावर महाराष्ट्राचे पठार एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसू लागते. एका बाजूस जीवधन किल्ल्याचा काळा कातळ, दुसऱ्या बाजूस नानाचा अंगठा हे अंगठ्यासारखे उभे शिखर आणि त्याच्या कुशीत नाणेघाटाची खिंड, अशा ठिकाणी हे लहानसे गाव वसले आहे. पावसाळ्यात येथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. चैत्र-वैशाखात मात्र हाच प्रदेश ओळखू येऊ नये इतका कोरडा होतो.

चैत्रातील एका पहाटे पुण्याच्या भुसार बाजारातील एक व्यापारी या गावात एकटाच उतरला. वय पन्नाशीच्या आसपास. दरवर्षी चार मित्र मिळून किल्ल्यावर जात. यंदा तिघांना अडचणी आल्या आणि ठरलेला दिवस मोडावयाचा नाही म्हणून हा एकटा निघाला. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे कागदावर लिहून त्याने मुलाच्या हाती दिले होते. पाठीवर तीन लिटर पाणी, दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि एक विजेरी. दोर मात्र नव्हता. दोर नेहमी मित्रांपैकी एकाच्या पिशवीत असे, आणि तो मित्र यंदा आला नव्हता.

मोटार गावात ठेवून तो अंधारातच पठारावरून नाणेघाटाकडे चालू लागला. तासाभराच्या चालीने उजाडताना तो खिंडीच्या तोंडाशी आला. तेथे दगडात घडविलेला एक मोठा रांजण आहे. घाटातून जाणारा माल जकात देऊन पुढे सरके आणि जकातीचे नाणे या रांजणात पडे, अशी परंपरागत समजूत आहे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल कोकण ओलांडून याच खिंडीने जुन्नरला आणि तेथून प्रतिष्ठानपर्यंत, म्हणजे आजच्या पैठणपर्यंत जाई. आज रांजण रिकामा आहे. ज्याचा जन्म वजनकाट्याशेजारी गेला, त्या माणसाला त्या रिकाम्या रांजणापाशी क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाववले नाही.

खिंडीतून थोडे खाली उतरले की डाव्या हाताला किंवा उजव्या हाताला शोधीत बसावे लागत नाही, इतके ठळकपणे सातवाहनकालीन लेणे समोर येते. आतील भिंतींवर ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी निगडित असलेल्या या लेखात यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे : गायी, घोडे, हत्ती, रथ आणि कार्षापण नावाची नाणी. समोरच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने या लेखाचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. त्यातील संख्या अंकचिन्हांत कोरल्या आहेत आणि भारतातील अतिप्राचीन अंकलेखनाचे हे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. शून्याचा वापर त्यात नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखाचा आणि त्यातील अंकांचा अभ्यास केला. आपण रोज वहीत जे आकडे मांडतो, त्यांचे पूर्वज या घाटातल्या भिंतीवर दोन हजार वर्षे उभे आहेत.

लेण्यातून निघून तो नानाच्या अंगठ्यावर चढला. पूर्वेकडून गवताळ उतार आणि पश्चिमेकडे थेट कोकणात कोसळणारा कडा, असे हे शिखर आहे. चढ फार मोठा नाही, पण ऋतूचा पहिला धडा येथेच मिळाला. हिमालयात उन्हाळ्याच्या आरंभी मऊ पडलेला बर्फ जसा पायाखालून सरकतो, तसेच सह्याद्रीत या दिवसांत वाळलेले गवत सरकते. गवताखाली सुटा मुरूम असतो. डोंगरात हिंडणारे त्याला घसारा म्हणतात. चढताना तो जाणवत नाही. उतरताना प्रत्येक पाऊल आडवे टाकावे लागते.

दहाच्या सुमारास तो गावात परतला. एका घरापुढे अंगणात बाळहिरडा वाळत पसरला होता. जुन्नर-आंबेगावच्या या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडी झाडावरून कोवळा हिरडा उतरवून वाळवणे हा अनेक आदिवासी कुटुंबांचा आधार आहे. हिरड्यावर हात फिरवीत बसलेल्या वृद्धेने त्याला हंड्यातले पाणी दिले.

“मावशी, जीवधनावर जाऊन येतो,” तो म्हणाला.

“एकलंच निघालात व्हय, दादा?” तिने त्याच्या मागे कोणी येत आहे का, ते पाहिले. “जावा. पण आल्या वाटंनंच माघारी या. पलीकडच्या दरवाजानं उतरू नका.”

तो हसून निघाला. त्याचा बेत नेमका पलीकडच्या दरवाजाचाच होता.

जीवधनाची उंची समुद्रसपाटीपासून ३७५७ फूट. पूर्वेस जुन्नर दरवाजा, पश्चिमेस कल्याण दरवाजा. दोन्ही नावे जुन्या व्यापारी वाटेच्या दोन टोकांची. गावातून जाणारी वाट आधी रानातून आणि मग कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून जुन्नर दरवाजाकडे चढते. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर पायऱ्या फोडण्यात आल्या. त्यामुळे मध्ये काही ठिकाणी दोन्ही हातांनी कातळ धरूनच वर सरकावे लागते. तो सावकाश चढला. प्रत्येक खाच हाताने चाचपून पाहिली, पाय कोठे ठेवला ते मनाशी नोंदविले आणि बाराच्या सुमारास माथ्यावर आला.

माथ्यावर जीवाबाईचे पडके मंदिर आहे, पाण्याची टाकी आहेत आणि दगडी कमानींची, एकात एक अशी धान्याची कोठारे आहेत. १८१८च्या युद्धात या कोठारांतील धान्याला आग लागली आणि त्याची राख पुढे कित्येक वर्षे तेथे दिसे, असे सांगतात. ज्याच्या दुकानात पिढ्यान् पिढ्या धान्याची पोती लागली, त्याला त्या काळोख्या दालनात वेळेचे भान राहिले नाही. बाहेर आला तेव्हा ऊन माथ्यावरून कलले होते आणि पाणी निम्म्याहून कमी उरले होते.

पश्चिम कड्यावरून वानरलिंगी दिसते. किल्ल्यापासून सुटून आकाशात उभा राहिलेला हा सुळका चारशे फुटांच्या आसपास उंच आहे. त्याच्या पायथ्याजवळून पठारावर जाण्यासाठी तो कल्याण दरवाजातून खाली उतरू लागला. काही पायऱ्या नीट होत्या. मग पायऱ्या संपल्या आणि उघडा कातळ सुरू झाला.

त्याने कातळाकडे तोंड केले आणि एक पाय खाली सोडून आधार शोधला. आधार लागला नाही. चढणाऱ्याला खाच डोळ्यांसमोर दिसते. उतरणाऱ्याला ती स्वतःच्याच पोटाआड झाकलेली असते. पाठीवरची पिशवी त्याला मागे ओढत होती. बोटांखालचा कातळ उन्हाने तापला होता. पाय आणखी वीतभर खाली नेला असता तर खाच कदाचित सापडली असती; पण तेवढे खाली गेल्यावर पुन्हा वर येणे हाताच्या बळाबाहेरचे होते. दोन-चार श्वास तो तसाच लटकत राहिला. मग पाय वर घेतला, कोपर टेकवून स्वतःला पायरीवर ओढले आणि दरवाजाच्या सावलीत बसला. गुडघे बराच वेळ थरथरत होते.

तेथे त्याने शांतपणे हिशोब मांडला. पाणी लिटरभर. उजेड चार तास. सोबतीला कोणी नाही, दोर नाही, मोबाईलला रेंज नाही. पुढे न पाहिलेली वाट. मागे खाच नि खाच हाताखालून गेलेली वाट. मागे फिरणे म्हणजे सारा माथा उन्हात पुन्हा ओलांडणे, वानरलिंगीचा पायथा न पाहणे आणि बेत अपुरा ठेवणे. तोटा होता; पण तो मोजता येण्याजोगा होता. पुढच्या वाटेवर काय गमवावे लागेल, ते मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नव्हते. तो उठला आणि मागे फिरला.

जुन्नर दरवाजाखालचा कातळही उतरावयास सोपा नव्हता. पण तेथे त्याचे हात त्याला ओळखत होते. येताना नोंदवलेली प्रत्येक खाच उलट्या क्रमाने भेटत गेली. अवघड जागी त्याने पिशवी आधी खाली सोडली आणि मग स्वतः उतरला. रानाच्या सावलीत आला तेव्हा शेवटचा घोट उरला होता.

सायंकाळच्या उन्हात तो गावात शिरला. अंगणातला हिरडा गोळा करून झाला होता. वृद्धा उंबऱ्यावर बसली होती आणि तिची नजर किल्ल्याच्या वाटेकडे होती.

“आलात का, दादा?” ती म्हणाली. “दिवे लागेस्तोवर दिसला नसतात, तर पोरांना वर धाडनार होते.”

तो काही बोलू शकला नाही. दिवसभर तो स्वतःला एकटा समजत होता. त्याचे नावही ठाऊक नसलेल्या एका घरात मात्र सकाळी वर गेलेला एक माणूस अजून खाली यावयाचा आहे, ही नोंद कोणीतरी मनाशी जपून ठेवली होती. तिने हंड्याकडे बोट केले. तो दोन तांबे पाणी प्याला आणि पायरीवर तिच्याशेजारी बसून राहिला.