झाडीकडे दौडणारे आठ घोडेस्वार

आपण साहित्याचे अभ्यासक कलाकृतीच्या मालकीचा प्रश्न सहसा विचारात घेत नाही. कविता विकत घेऊन दिवाणखान्यात टांगता येत नाही. ती ज्याला पाठ झाली त्याची होते. चित्राचे तसे नसते. ते एकच असते, आणि कोणाच्या तरी भिंतीवर असते. फ्रेडरिक रेमिंग्टन या अमेरिकन चित्रकाराचे 'अ डॅश फॉर द टिंबर' हे तैलचित्र गेली कित्येक वर्षे मी छापील प्रतिकृतींतून पाहत आलो आहे. त्याची जन्मकथा वाचल्यापासून मात्र ते पाहण्यातला निर्मळ आनंद उरलेला नाही.

सुमारे चार फूट उंच आणि सात फूट रुंद अशा या चित्रात आठ काउबॉय झाडीचा आसरा गाठण्यासाठी घोडे फेकत आहेत. काही मागे वळून गोळ्या झाडतात; एक जखमी होऊन खोगिरावर कलला आहे आणि शेजारच्याने त्याला सावरून धरले आहे. पाठलाग करणारे अपाची दूर, धुळीत, जवळजवळ चेहऱ्यांविना आहेत. घोडे सरळ आपल्या अंगावर येतात, त्यामुळे ते ज्या आसऱ्याकडे धावत आहेत तिथे जणू आपणच उभे आहोत असे वाटते. कोणाच्या बाजूने पाहायचे, हा निर्णय चित्रकाराने आपल्यासाठी आधीच घेऊन टाकलेला असतो.

हा निर्णय एकट्या चित्रकाराचा नव्हता. पोलादी नळ्यांच्या कारखानदारीतून धनाढ्य झालेले एडमंड कॉन्व्हर्स यांनी १८८९ साली हे चित्र मागणी देऊन काढून घेतले. प्राणावर बेतलेला प्रसंग हवा, ही त्यांची अट. सत्तावीस वर्षांच्या रेमिंग्टनने ॲरिझोनातील आपल्या लष्करी मित्राला, पॉव्हॅटन क्लार्कला, पत्र लिहून काउबॉय पायांवर चढवतात ती चामड्याची आवरणे मागवली. पोशाखाच्या तपशिलाबाबत एवढा काटेकोरपणा! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्र झळकले आणि रेमिंग्टनच्या नावाचा बोलबाला झाला.

आता १८८९ या सालाकडे पाहू. जेरोनिमोने १८८६ मध्येच शरणागती पत्करली होती. त्याच्यासह चिरिकाहुआ अपाचींना, अगदी सैन्याची वाटाड्येगिरी केलेल्यांनाही, युद्धकैदी म्हणून प्रथम फ्लोरिडाला आणि नंतर अलाबामाला नेण्यात आले. त्यांची कैद १९१३ पर्यंत संपली नाही. काउबॉयचे जगही तोवर ओसरले होते. काटेरी तारांनी कुरणे बांधली गेली होती आणि १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्याने गुरांचे कळप संपवले होते. म्हणजे कॅनव्हासवर पाठलाग करणाऱ्यांचे भाईबंद प्रत्यक्षात बंदिवान होते. चामड्याची आवरणे खरी होती. भय मात्र मागणीबरहुकूम होते.

पुढे हे चित्र सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडे आले. १९४५ साली तेथील कलासंग्रहाचे काम पाहणारे इतिहासकार एच. डब्ल्यू. जॅन्सन यांनी ते इतर अनेक चित्रांबरोबर विकून टाकले आणि आलेल्या पैशातून पिकासो, ब्राक अशा आधुनिकांची चित्रे घेतली. घेणारे होते टेक्सासमधील वृत्तपत्राचे मालक एमन कार्टर. १९५५ मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार उभे राहिलेले फोर्ट वर्थचे संग्रहालय १९६१ मध्ये उघडले. विद्यापीठाने जे नाकारले ते एका खाजगी संग्राहकाने जपले, आणि शेवटी तेच सर्वांसाठी खुले झाले. खाजगी मालकी म्हणजे कलेची कैद, हे आपले सोयीचे समीकरण इथे टिकत नाही.

मग या चित्राचे करायचे काय? ते खोटे म्हणून बाजूला सारावे, असे मला वाटत नाही. त्या टापांखालची निळसर सावली, तो पिवळा धुरळा, जखमी सोबत्याला धरून ठेवणारा हात, हे कोणत्याही धनिकाच्या मागणीतून येत नाही. परंतु वर्गात एखादी गाजलेली कलाकृती शिकवताना मी आता एक प्रश्न आवर्जून विचारतो: यातील धुळीत कोण आहे, आणि त्यांना तिथे ठेवल्याने कोणाची भिंत शोभिवंत झाली? उत्तर मिळाल्यावरही कलाकृती आपल्याला धरून ठेवत असेल, तर तिचे सामर्थ्य मान्य करावे. ते मान्य करताना मन थोडे अस्वस्थ राहिले, तर राहू द्यावे.