आयता निरोप्या

गेल्या श्रावणांत आमची कन्या चार दिवस माहेरीं आली होती. ती पुण्यास एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे, आणि हल्लींच्या रीतीप्रमाणें तिची कचेरी तिच्या पिशवींतूनच फिरत असते. श्रावणी सोमवारीं घृष्णेश्वराच्या दर्शनासाठीं लोटलेल्या गर्दीचा गलबला आमच्या आळीपर्यंत येऊन पोंचतो. त्या गलबल्यांत ती माजघराच्या खिडकीशीं लॅपटॉप घेऊन बसली होती आणि ताटांतील खिचडी केव्हांच थंड झाली होती. आम्ही पडलों जुने मॅट्रिक. संस्कृताखेरीज दुसऱ्या शास्त्राशीं आमचा संबंध आला नाहीं. परंतु त्या दिवशींचें प्रकरण समजून घेण्यासाठीं आम्हांस जावा नांवाच्या संगणकी भाषेचे दोन पाठ आपल्या मुलीपासून घ्यावे लागले. ते वाचकांस सांगावे असें वाटतें, कारण तें प्रकरण शेवटीं यंत्राचें राहिलें नाहीं.

घडलें तें असें. तिच्या कंपनीनें एका पतसंस्थेसाठीं एक व्यवस्था बांधून दिली आहे. सभासद वारला म्हणजे त्याच्या वारसाचा विम्याचा अर्ज पतसंस्थेच्या संगणकावरून विमा-कंपनीच्या संगणकाकडे जातो व तेथून 'स्वीकृत' असें उत्तर पावतीच्या क्रमांकासह परत येतें. रविवारीं रात्रीं फोन आला कीं, शुक्रवार-शनिवारचे 27 पावती-क्रमांक विमा-कंपनीच्या दप्तरीं मुळीं नाहींतच. वारसांच्या हातीं छापील पावत्या होत्या. अर्ज मात्र पोंचलेच नव्हते. त्यांपैकीं दोन अर्जांची मुदत त्याच शनिवारीं संपली होती.

"मग अर्ज गेले तरी कोठें?" आम्हीं विचारलें.

"सरावाच्या संगणकाकडे, नाना," ती म्हणाली. "आणि त्यानें बिचाऱ्यानें प्रत्येकाला 'स्वीकृत' म्हणून उत्तर दिलें."

दोन संगणकांनीं परस्परांशीं बोलण्याची सोप नांवाची एक पद्धति आहे. तिच्या 1.1 या आवृत्तीचें टिपण 2000 सालीं डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेनें प्रसिद्ध केलें, आणि 1.2 ही आवृत्ति 2003 सालीं प्रमाण ठरली. निरोप एक्सएमएलच्या खुणांनीं लिहावयाचा, तो लखोट्यांत घालावयाचा, लखोट्यांत शीर्ष निराळें व मजकूर निराळा. सारा थाट सरकारी पत्रव्यवहाराचा. आतां याहून सुटसुटीत रीती निघाल्या आहेत, तरी बँका, विमा, कर असल्या खात्यांतून ही अजून नांदते. युरोपांत व्यापाऱ्याचा व्हॅट-क्रमांक खरा कीं खोटा हें पडताळण्याची 'व्हीज' म्हणून जी सार्वजनिक सोय आहे, तिला या पद्धतीनें प्रश्न विचारतां येतो. कोणते प्रश्न विचारावे, उत्तरें कोणत्या सांच्यांत येतील आणि निरोप कोणत्या पत्त्यावर धाडावा, याचें एक करारपत्र असतें. त्यास डब्ल्यूएसडीएल म्हणतात. मौज ही कीं, हें करारपत्र 'डब्ल्यूएसइम्पोर्ट' नांवाच्या अवजाराच्या तोंडीं दिलें म्हणजे तें निरोप नेण्याआणण्याचा सारा जावा-मजकूर आपला आपण लिहून काढतें. अशा आयत्या निरोप्यास ही मंडळी क्लायंट म्हणतात. पुढें एक ओळ लिहिली कीं अर्ज जातो. जणू विमा-कंपनी शेजारच्या खोलींतच बसली आहे!

हें ऐकतांना आम्हांस आमच्या गांवच्या दहाव्या लेण्याची आठवण झाली. विश्वकर्म्याचें लेणें तें. लोक त्यास सुताराची झोपडी म्हणतात. पहिल्या बारा बौद्ध लेण्यांत चैत्य असा हा एकच, सातव्या शतकाच्या सुमाराचा. आंत शिरून मान वर करावी, तों कमानदार छताला ओळीनें लांकडी फासळ्या बसविल्या आहेत असा भास होतो. कार्ल्याच्या चैत्यांत खऱ्या लांकडी फासळ्या अद्यापि आहेत. येथें मात्र कारागिरानें डोंगर कोरतां कोरतां दगडालाच लांकडाचें रूप दिलें. शाळेचीं मुलें घेऊन आम्ही तेथें वर्षानुवर्षें जात होतों, आणि बहुतेक वेळां एखादा मुलगा विचारीच, "गुरुजी, इतक्या वर्षांत हिला वाळवी कशी लागली नाहीं?" रूप पाहून त्यानें स्वभाव ठरविलेला असे. आयत्या निरोप्याच्या बाबतींत नेमकी हीच फसगत होते. दूरची वस्तु तो जवळची म्हणून दाखवितो.

पाणिनीय व्याकरणांतहि असा एक प्रकार आहे. एकाच्या जागीं दुसरा आला म्हणजे त्या आलेल्यास आदेश म्हणतात, आणि ज्याची जागा त्यानें घेतली तो स्थानी. 'अस्' या धातूच्या जागीं 'भू' आला, तरी धातु म्हणून 'अस्'ला जें जें मिळावयाचें तें सर्व 'भू'लाहि मिळतें. मात्र जें कार्य मूळच्या वर्णांवरच अवलंबून असेल, तेथें ही मुभा नाहीं. आम्हीं हें कन्येस सांगितलें, तेव्हां ती त्या गडबडींतहि हंसली. "आमच्या निरोप्याचे अपवाद दोन, नाना," ती म्हणाली. "स्थळ आणि काळ. तेवढे आम्हांलाच सांगावे लागतात."

आधीं स्थळ. करारपत्रांत जो पत्ता असेल तोच निरोप्याच्या अंगीं भिनतो. यांच्या हातीं आलेलें करारपत्र होतें सरावाच्या संगणकाचें. तेव्हां खऱ्या कामास लावण्यापूर्वीं पत्ता बदलणें भागच होतें. तो बदलण्याची शिष्टसंमत रीत अशी कीं, अवजारानें लिहिलेल्या मजकुरास हात लावूं नये. पत्ता निराळ्या फाइलींत ठेवावा, आणि निरोप्या निघण्याच्या क्षणीं 'बाइंडिंगप्रोव्हायडर' म्हणून जी सोय आहे तिच्या द्वारें त्याच्या कानांत सांगावा. करारपत्राची प्रतहि आपल्याच संग्रहीं ठेवावी. नाहींतर निरोप्या उठतांक्षणीं ती आणावयास बाहेर धांवतो, आणि बाहेरचें दार बंद असलें कीं घरचें कामहि अडतें. यांच्याकडे आठ महिन्यांपूर्वीं कोणीं तरी घाईनें यंत्रलिखित फाइलींतच हातानें पत्ता खोडून नवा घातला होता. तें आठ महिने चाललें. मग कंपनीनें जावाची जुनी आठवी आवृत्ति सोडून नवी घेतली. 2018 च्या सप्टेंबरांत निघालेल्या अकराव्या आवृत्तीपासून हें अवजार जावाबरोबर मिळेनासें झालें आहे. तें बाहेरून आणावें लागतें. शिवाय पुढें 'जावाएक्स' या नांवाच्या जागीं 'जकार्ता' हें नांव आलें. त्यामुळें एका नव्या मुलानें त्या सर्व फाइली नव्यानें काढल्या. त्यानें कांहीं वावगें केलें नाहीं. पण हातची दुरुस्ती पुसली गेली, सरावाचा पत्ता परत आला, आणि निरोप्या मुकाट्यानें तिकडे चालूं लागला.

काळाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. पलीकडचा बोललाच नाहीं तर किती वेळ थांबावें? आठव्या आवृत्तीपर्यंत जावाच्या घरचा जो निरोप्या होता, त्यास मर्यादा सांगितली नसेल तर तो उत्तराची वाट पाहत उभाच राही. अपाचे सीएक्सएफ म्हणून दुसरा आहे, तो आपण होऊन जोडणीसाठीं 30 व उत्तरासाठीं 60 सेकंद थांबतो आणि परत फिरतो. यांनीं मर्यादा सांगितली होती खरी. पण ज्या नांवानें ती सांगावयाची त्या जुन्या नांवांत 'इंटर्नल' असा एक शब्द होता, आणि बाहेरून आणलेल्या नव्या निरोप्यास तें नांव त्या शब्दावांचून हवें. जुन्या नांवानें सांगितलें तर तो चूक दाखवीत नाहीं, रागावत नाहीं. नुसतें ऐकत नाहीं. वर्गांतील मागच्या बांकावरचे विद्यार्थी आम्हांस आठवले. हा दोष तिला त्या रात्रीं शोधतां शोधतां सांपडला, म्हणून त्यापासून अनर्थ झाला नाहीं.

रात्रीं अकराच्या सुमारास सारें नीट बसलें. खऱ्या यंत्रावर सरावाचा पत्ता आढळल्यास कार्यक्रमानें चालूंच होऊं नये, अशीहि तजवीज तिनें करून ठेविली. मग वरिष्ठांचा निरोप आला : त्या नव्या मुलानें फाइली काढतांना घोळ केला काय, तें कळवावें.

ती बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली. मग म्हणाली, "नाना, आठ महिन्यांपूर्वीं फाइलींत हातानें पत्ता घातला तो मींच. मागून नीट करीन म्हटलें आणि विसरलें."

त्या वेळीं आम्हांस काय सुचावें? तिच्या घराचा हप्ता, नातवाची शाळा, हेंच आमच्या डोळ्यांपुढें आलें. आम्हीं म्हटलें, "बाळ, तुझ्याविषयीं कोणीं विचारलेलें नाहीं. फाइली त्या मुलानें काढल्या हें तर खोटें नाहीं ना?" वाचकहो, नक्कल केलेल्या उत्तरपत्रिका ज्यानें 36 वर्षें निर्दयपणें फाडल्या, त्या मास्तराच्या तोंडचें हें वाक्य आहे. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्यांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें आणि त्या आंत गेल्या.

कन्या आम्हांस कांहीं बोलली नाहीं. तिनें लॅपटॉप जवळ ओढून पत्र लिहिलें. कोणत्या दिवशीं, कोणत्या फाइलींत, कोणत्या ओळींत आपण काय बदललें, तें कां चुकीचें होतें, त्या मुलाचें काम कसें बरोबर होतें, आणि 27 अर्जांपैकीं कोणता अर्ज किती वाजतां कोणत्या पत्त्यावर गेला, त्याची यादी. लिहून झाल्यावर तें तिनें आमच्यापुढें सरकविलें. "इंग्रजी नीट आहे का, तेवढें पाहा." आम्हांस त्यांत एक स्वल्पविरामहि बदलावासा वाटला नाहीं.

मंगळवारीं लेणीं बंद असतात. बुधवारीं सकाळीं तीच म्हणाली, "सुताराची झोपडी पाहूं या." रिमझिम चालली होती. दहाव्या लेण्याच्या पायऱ्यांशीं पोंचतों न पोंचतों तोंच फोन वाजला. पंचवीस अर्जांच्या खऱ्या पावत्या आल्या होत्या. मुदत उलटलेल्या दोन अर्जांसाठीं, ते मूळचे केव्हां निघाले होते याचा लेखी दाखला विमा-कंपनीस हवा होता, आणि तो तिच्या सहीनें हवा होता. शिवाय, यापुढें तिचा प्रत्येक बदल त्या नव्या मुलानें तपासल्याखेरीज पुढें जाणार नाहीं, असेंहि वरिष्ठांनीं कळविलें होतें.

"ठीक आहे," एवढेंच ती फोनवर म्हणाली. मग तिनें पायरीवरच बैठक मारली, पिशवींतून लॅपटॉप काढला आणि दाखला लिहावयास घेतला. पडद्यावर पाणी पडूं नये म्हणून आम्ही छत्री धरून उभे राहिलों.